कंदिलावरचे नाव

कंदील हा शब्द मराठीत इतका मुरला आहे की तो बाहेरून आला हे मुद्दाम सांगावे लागते. दिवाळीत दारावर चढतो तो आकाशकंदील, वीज गेली की शोधला जायचा तोही कंदील, आणि मुंबईत माहीमला तर एक कंदील गल्लीच आहे. हा शब्द अरबी ‘किंदील’वरून आला. अरबांनी तो रोमी-ग्रीक जगातून घेतला होता, आणि इंग्रजांची ‘कॅन्डल’ही त्याच घराण्यातली. उर्दू शायरीत पानोपानी भेटणारा ‘फानूस’ मूळचा ग्रीक. ‘शमा’वरून शमादान झाले, आणि आपली देवघरातली समईदेखील कोशकार त्याच ‘शमा’शी जोडतात. दिव्यांच्या बाबतीत आपण सगळेच एकमेकांचे देणेकरी आहोत. आम्हाला मात्र या लेखात शब्दापेक्षा वस्तूविषयी बोलायचे आहे. छताला टांगायचा दिवा नुसता उजेडासाठी न राहता शोभेची वस्तू कसा झाला, त्याचा घाट कोणी ठरवला, आणि त्यावर नाव कुणाचे लिहिले गेले?

सुरुवात मदीनेपासून करू. रिवायत अशी आहे की मस्जिदे नबवीत आरंभी रात्रीच्या नमाजासाठी खजुराच्या झावळ्या पेटवल्या जात. तेथे दिवे प्रथम लावले ते तमीम दारी यांनी. इब्ने माजाच्या हदीससंग्रहात हे नमूद आहे. तमीम हे शाम मुलुखातले, आधी ख्रिस्ती होते. त्या भागातल्या चर्चमध्ये साखळीने टांगलेले तेलाचे दिवे तेव्हा सर्रास असत. अबू दाऊदच्या संग्रहात आणखी एक हदीस आहे. ज्याला बैतुल मुकद्दसला जाऊन नमाज पढणे शक्य नाही, त्याने तेथल्या दिव्यांसाठी तेल पाठवावे, असा तिचा आशय. म्हणजे मशिदीत दिवा लावणे हे गरिबालाही परवडणारे पुण्य होते. तेल पाठवणाऱ्याचे नाव कुठे लिहिले जात नव्हते.

पुढे राज्ये आली, दौलत आली. सहाशे वर्षांनी कैरोत दिव्याचे काय झाले ते पाहण्यासारखे आहे.

इ.स. १२५० ते १५१७ या काळात इजिप्त आणि शामवर ममलूकांचे राज्य होते. ममलूक म्हणजे विकत घेतलेला. लहानपणी बाजारात विकली गेलेली तुर्क आणि पुढे चेर्केस मुले लष्करात वाढत, अमीर होत, एखादा सुलतानही होई. ज्याला खानदान नाही, ज्याच्या मुलाला गादी मिळेलच असे नाही, असा माणूस आपले नाव मागे राहावे म्हणून काय करील? तो इमारती बांधील. कैरोच्या गल्ल्या आजही त्या मशिदींनी, मदरशांनी आणि मकबऱ्यांनी भरलेल्या आहेत. त्या इमारतींना वक्फ होता, आणि वक्फनाम्यात इमाम, मुअज्जिन, मुलांचा उस्ताद यांच्या पगाराबरोबर दिव्याचे तेल आणि दिवे लावणाऱ्याचा पगारही ठरवून दिलेला असे. या इमारतींसाठी जे काचेचे दिवे घडवले गेले, त्यांच्या तोडीचे काम जगात फार थोडे आहे.

आता त्या दिव्याची घडण पाहू. उंची साधारण एक फूट, कधी त्याहून थोडी अधिक. खाली पाया, मध्ये फुगीर पोट, वर फुलासारखी उमलत गेलेली रुंद मान. पोटावर काचेचेच तीन किंवा सहा कान, त्यांत साखळ्या अडकवून दिवा छतापासून खाली सोडायचा. छत पन्नास-साठ फुटांवर असले तरी दिवा माणसाच्या डोक्याच्या थोडा वर असे, त्यामुळे एवढ्या मोठ्या इमारतीतही उजेड माणसांपाशी राही. या सुंदर भांड्यात तेल थेट ओतत नसत. आत एक छोटी काचेची वाटी असे, तिच्यात खाली पाणी आणि वर तेल. तेल संपत आले की वात पाण्याला टेकून आपोआप विझे. काच तडकण्याची भीती नाही आणि रात्रभर जागायला माणूसही नको. ही युक्ती ममलूकांच्याही आधीची आहे. बाहेरचे भांडे म्हणजे खरे तर दिव्याचे वस्त्र. आजच्या भाषेत बल्ब निराळा आणि शेड निराळी.

या वस्त्रावर मिन्याचे काम होई. रंगीत काच बारीक वाटून तेलकट पदार्थात कालवायची, कुंचल्याने किंवा बोरूने काचेवर चितारायची, आणि भांडे पुन्हा भट्टीला दाखवायचे. पहिल्यांदा तांबड्या बारीक रेघेने आराखडा, मग आत निळा, हिरवा, पिवळा, पांढरा, आणि वर सोन्याचा मुलामा. खरी कसोटी आचेची. रंग वितळून काचेला धरला पाहिजे, पण खालचे भांडे मऊ पडून त्याचा घाट बसता कामा नये. या दोहोंमधले अंतर थोडेच आणि मोजायला यंत्र नाही, भट्टीच्या लालीवरून कारागिराची नजर जे सांगेल तेवढेच. त्यातल्या निळ्याविषयी एक गोष्ट सांगितलीच पाहिजे. अलीकडच्या तपासणीत कित्येक जुन्या दिव्यांच्या निळ्या रंगात लाजवर्दाचे कण सापडले आहेत. लाजवर्द येतो बदख्शानच्या, म्हणजे आजच्या अफगाणिस्तानच्या खाणीतून. तिथून तो खच्चरांवरून आणि उंटांवरून शामपर्यंत आणायचा, वाटायचा आणि आगीत घालायचा. दिमश्क, हलब आणि कैरो ही शहरे या कामाशी जोडली जातात, पण नेमका कोणता दिवा कुठला हे सांगणे कठीण असते.

मानेवर बहुधा सूरह अन-नूरमधली आयत असे. अल्लाहच्या नूराची उपमा कोनाड्यातल्या दिव्याशी देणारी, आणि दिव्याभोवतीची काच चमकत्या ताऱ्यासारखी आहे असे सांगणारी ती आयत, म्हणजे कुरआन शरीफच्या चोविसाव्या सूरहची पस्तिसावी आयत. काचेच्या दिव्यावर काचेच्या दिव्याचीच आयत! मान वर रुंद होत गेल्यामुळे तिची बाहेरची बाजू किंचित खाली झुकलेली असते, त्यामुळे खाली उभ्या असलेल्या माणसाला अक्षरे समोर येतात. हा घाट केवळ नक्षीच्या हौसेतून आला असेल असे आम्हाला वाटत नाही.

पण पोटावर काय? पोटावर सुलतानाचे किंवा अमीराचे नाव आणि त्याचे लांबलचक किताब. आणि यातच एक विलक्षण गोष्ट आहे. पुष्कळ दिव्यांवर मानेवरची आयत निळ्या मिन्याने लिहिलेली असते. पोटावर मात्र उलटे. तेथे भोवतालची जमीन निळी भरलेली आणि अक्षरे मोकळ्या काचेची ठेवलेली, वर सोन्याचा पातळ हात. सोने आज बहुतेक ठिकाणी झिजले आहे. आत दिवा लावला की दाट मिना उजेड अडवतो आणि मोकळी काच उजेड सोडते. परिणामी आयत गडद दिसते आणि झळाळते ते सुलतानाचे नाव. कारागिराने हे मुद्दाम केले की रंगसंगतीची चाल म्हणून केले, ते कोण सांगणार? पण हा दिवा ज्याच्या पैशातून झाला तो खाली उभा राहून वर पाहत असेल तेव्हा त्याला काय दिसत असेल, याचा विचार आमच्या मनातून जात नाही.

नावाबरोबर चिन्हही असे. ममलूक दरबारात ज्याने जी चाकरी केली तिची खूण तो मोठा अमीर झाल्यावरही अभिमानाने मिरवी. साकीची खूण पेला, दवादाराची कलमदान, सिलाहदाराची तलवार, जामदाराची बुकचा म्हणजे कपड्याचे बोचके. मराठी वाचकाला हे शब्द ऐकून घरच्यासारखे वाटेल. दवात म्हणजे आपली दौत, सिलाहदार म्हणजे शिलेदार, आणि जामदार तर आपल्याकडे आडनावच आहे. नाईलकाठचे हे हुद्दे आणि आपल्या दख्खनच्या दरबारांतले हुद्दे एकाच फारसी-अरबी चालीरीतीतून आलेले.

पेल्याची खूण असलेला एक दिवा न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात आहे. तो अमीर कौसूनचा. कौसून हा सुलतान अन-नासिर मुहम्मदचा साकी होता, पुढे त्याचा जावई झाला. १३२९ ते १३३५ या दरम्यानचा हा दिवा आहे. वर आयत, मध्ये कौसूनचे नाव, जागोजागी पेला. आणि खाली पायावर, जिथे नजर सहसा जात नाही तिथे, एक ओळ. तिचा आशय असा की हे काम मुहम्मदचा मुलगा अली या गरीब बंद्याचे आहे. अलीच्या नावापुढे एक निसबतही आहे, पण तिचे वाचन अभ्यासक वेगवेगळे करतात. मिन्याच्या दिव्यांवर कारागिराची सही ही अगदी दुर्मीळ गोष्ट आहे.

याच कौसूनसाठी केलेला ब्राँझचा एक भला मोठा झुंबर कैरोच्या इस्लामी कला संग्रहालयात आहे. अशा मजल्यामजल्यांच्या झुंबराला ‘तन्नूर’ म्हणत. त्याच्या घडवणाऱ्याने आपले नाव तर घातलेच, बद्र इब्न अबी याला, आणि हे काम हिजरी ७३० मध्ये चौदा दिवसांत पुरे केले असेही कोरून ठेवले. कौसूनची कीर्ती सांगणाऱ्या वस्तूवर या उस्तादाने आपल्या चौदा दिवसांचा हिशेब लिहिला! आम्हाला या माणसाविषयी फार जवळीक वाटते. कौसूनचे पुढे काय झाले? १३४१ मध्ये सुलतान वारला, कौसून काही महिने राज्याचा कर्ताधर्ता झाला, १३४२ मध्ये त्याची हवेली लुटली गेली आणि त्याच वर्षी इस्कंदरियाच्या तुरुंगात त्याचा अंत झाला. तन्नूर मात्र राहिला आणि फिरत फिरत सुलतान हसनच्या मशिदीत जाऊन लागला.

सुलतान हसनच्या मशिदीचे नाव काढल्यावाचून हा विषय पुरा होत नाही, कारण मिन्याच्या दिव्यांचा सर्वांत मोठा संच तिथलाच. बांधकाम १३५६ मध्ये सुरू झाले. चारही सुन्नी पंथांसाठी चार मदरसे, मध्ये विशाल चौक, मागे मकबरा. आजही आत उभे राहिले की छतापासून शेकडो साखळ्या खाली आलेल्या दिसतात. १३६१ मध्ये दरवाजावर बांधलेला मिनार कोसळला. इतिहासकार मकरीजी लिहितो की खालच्या मक्तबमधली तीनशे अनाथ मुले त्यात मेली. आम्ही वर्गात मुले शिकवणारे लोक. दिव्यांचा इतिहास वाचता वाचता या वाक्याशी आलो की पान उलटवत नाही. मकरीजी आणखी सांगतो की या अपशकुनानंतर तेहतीस दिवसांनी सुलतानच मारला गेला. त्याचे प्रेत सापडले नाही. स्वतःसाठी बांधलेल्या मकबऱ्यात तो कधी आलाच नाही, तिथे त्याचे मुलगे आहेत. उरलेले काम बशीर आगा या जामदाराने पुरे केले. म्हणजे दिव्यांवर सुलतान हसनचे नाव आहे, आणि त्या नावाखाली कबर मात्र त्याची नाही.

पंधराव्या शतकात ही कला मंदावली. तैमूरने १४०१ मध्ये दिमश्क लुटले आणि कारागिरांना समरकंदला नेले, हे एक कारण सांगितले जाते. दरबाराची आर्थिक ओढाताण हे दुसरे. आम्हाला दुसऱ्यात अधिक तथ्य वाटते, कारण कैरोला तैमूर पोहोचला नव्हता आणि तरी तेथेही काम उतरत गेले. काहीही असो, पुढच्या शतकात पाणी उलटे वाहू लागले. उस्मानी वजीरे-आझम सोकोल्लू मुहम्मद पाशाला १५६९ मध्ये मशिदीसाठी दिवे हवे होते, ते त्याने मागवले व्हेनिसहून. व्हेनिसचा वकील मार्कांतोनिओ बार्बारो याने नऊशे दिव्यांची मागणी आराखड्यासह आपल्या सरकारला कळवली. आराखडा इस्तंबूलचा, भट्टी मुरानो बेटावरची. गिऱ्हाइकाने चित्र द्यावे आणि दूरच्या कारखान्याने माल घडवावा, हा आजच्या व्यापाराचा शिरस्ता तेव्हाच पडला होता. पुढच्याच वर्षी सायप्रसवरून दोन्ही राज्यांत युद्ध पेटले.

उस्मानी मुलखात याच सुमारास आणखी एक गंमत झाली. इझनिकच्या कुंभारांनी दिव्याचा तोच घाट चिनी मातीसारख्या पांढऱ्या भांड्यात घडवला. येरुशलेमच्या कुब्बतुस्सख्राचा असा एक दिवा आज ब्रिटिश म्युझियममध्ये आहे, साल हिजरी ९५६, म्हणजे इ.स. १५४९. त्यावर निळी-हिरवी नक्षी, अक्षरे, आणि चित्रकाराचे नाव मुस्ली. पण मातीच्या भांड्यातून उजेड बाहेर कसा यावा? वरच्या तोंडातून येईल तेवढाच. उजेड न देणारा हा दिवा. तरीही लोकांना तो दिवाच वाटला, कारण घाट ओळखीचा होता. शोभेने उपयोगाला मागे टाकले ते इथे, असे आम्ही म्हणू. आमच्या गुजरातेतही हे घडले होतेच. खंभातच्या चौदाव्या शतकातल्या संगमरवरी कबरशिळांवर साखळीने टांगलेला दिवा कोरलेला असतो. या शिळा जहाजांतून अदनला आणि जावापर्यंत गेल्या. तिथे तर तेलाचा प्रश्नच नव्हता.

एकोणिसाव्या शतकात मूळ दिव्यांवर गदा आली. युरोपातल्या हौशी श्रीमंतांना ‘पौर्वात्य’ वस्तूंचा नाद लागला, आणि कैरोच्या मशिदींतून दिवे नाहीसे होऊ लागले. कोणी चोरले, कोणी विकले. रखवालदाराचा पगार किती आणि दिव्याची पॅरिसमधली किंमत किती, हे लक्षात घेतले तर त्या रखवालदाराला एकट्याला दोष देता येणार नाही. उरलेले वाचवण्यासाठी १८८१ मध्ये एक सरकारी समिती नेमली गेली, दिवे आधी अल-हाकिमच्या मशिदीत गोळा झाले, आणि १९०३ मध्ये बाबुल खल्क येथे संग्रहालयाची आजची इमारत उघडली. इकडे पॅरिसमध्ये फिलिप-जोसेफ ब्रोकार नावाच्या माणसाने विस्मृतीत गेलेली मिन्याची रीत स्वतः प्रयोग करून पुन्हा साधली आणि १८६७ च्या प्रदर्शनात आपले दिवे मांडले. तो सही करी. इतरांनी केलेल्या कित्येक नकला मात्र पुढे अस्सल म्हणून खपल्या. मशिदीचा दिवा तेव्हापासून दिवाणखान्यात, हॉटेलात आणि धूम्रपानाच्या खोलीत लटकू लागला.

आपल्याकडे या काळात वारा वेगळा होता. पेशवाईच्या वाड्यांच्या वर्णनात हंड्या-झुंबरे येतात आणि मराठीत तो जोडशब्दच झाला. काच परदेशी. बर्मिंगहॅमच्या ऑस्लर कंपनीने १८४० च्या दशकात कलकत्त्यात दुकान थाटले आणि राजेरजवाड्यांना लोलकांची झुंबरे पुरवली. याच कंपनीने इजिप्तच्या इब्राहिम पाशालाही काचेचे प्रचंड दीपवृक्ष करून दिले होते. लखनौच्या हुसैनाबाद इमामबाड्यात, हैदराबादच्या चौमहल्ला राजवाड्याच्या खिलवत मुबारकमध्ये, आणि ग्वाल्हेरला शिंद्यांच्या जयविलासमध्ये (१८७४) ही चढाओढ आजही डोक्यावर लटकते आहे. जयविलासच्या दोन झुंबरांचे वजन प्रत्येकी साडेतीन टन, आणि छत तोलेल की नाही हे पाहायला वर हत्ती चढवले होते असे सांगतात. या झुंबरांत अक्षर नाही, आयत नाही, फक्त लोलक आणि चकाकी. मालकाचे नाव घालायची गरजही उरली नव्हती, वजन पुरेसे बोलत होते.

मोडक्या विलायती काचेच्या भंगारावर भट्ट्या चालवीत आपल्याकडचे फिरोजाबाद वाढले असे तेथले लोक सांगतात. बांगड्यांसाठी ते नाव सर्वांना माहीत आहे, पण तिथे झुंबरेही होतात आणि मुरादाबादला पितळेचे जाळीदार कंदील. या कामात आपल्या समाजाचे हात फार आहेत. ताजमहालाच्या रक्षणासाठी सर्वोच्च न्यायालयाने १९९६ च्या डिसेंबरात या टापूतल्या उद्योगांना कोळसा सोडून नैसर्गिक वायू वापरायला सांगितले, आणि फिरोजाबादच्या भट्ट्यांनाही तीच वाट धरावी लागली. निर्णय योग्यच होता, पण ज्याची भट्टी लहान त्याला तो जड गेला. आज मुंबई-पुण्याच्या एखाद्या हॉटेलात ‘मोरोक्कन’ म्हणून टांगलेला दिवा मुरादाबादच्या गल्लीतून आलेला असणे मुळीच अशक्य नाही. खोक्यावर नाव दुकानाचे असते.

आखाती देशांनी मशिदींसाठी झुंबरे मागवली ती पुन्हा युरोपातूनच. मस्कतची सुलतान काबूस मशीद (२००१) आणि अबू धाबीची शेख जायद मशीद (२००७), दोन्हींची झुंबरे जर्मनीच्या फाउस्टिग कंपनीची. मस्कतच्या झुंबराची उंची चौदा मीटर. सोकोल्लू पाशाच्या आराखड्याची आठवण यावी असा हा व्यवहार आहे.

२४ जानेवारी २०१४ रोजी कैरोच्या पोलीस मुख्यालयासमोर बॉम्बने भरलेली गाडी उडाली. संग्रहालय रस्त्याच्या पलीकडेच. छते कोसळली, कपाटे फुटली, आणि सहाशे-साडेसहाशे वर्षे टिकलेल्या काचवस्तूंचा, त्यांत ममलूक दिव्यांचाही, चुरा झाला. दुरुस्ती करणाऱ्यांनी जमिनीवरून तुकडे वेचले, चाळणीने गाळले, आणि रंग जुळवत जुळवत जमेल तेवढे पुन्हा उभे केले. जानेवारी २०१७ मध्ये संग्रहालय पुन्हा उघडले.

त्या इमारतीतून निघून बाब जुवैलाच्या दिशेने चालू लागले की तहतुर्रबा नावाचा रस्ता लागतो. तिथे पत्र्याचे कारागीर बसतात. रमजानच्या आधी काही महिने ते पत्रा कापून, रंगीत काचेचे तुकडे डाग देऊन बसवून फानूस बनवतात. मुले ते हातात घेऊन गल्लीत फिरतात. मध्यंतरी चीनमधून गाणी म्हणणारे प्लास्टिकचे फानूस आले आणि यांचा धंदा बसू लागला. २०१५ मध्ये इजिप्त सरकारने अशा परदेशी फानूसांच्या आयातीवर बंदी घातली. तयार फानूस दुकानाच्या दाराबाहेर दोरीला ओळीने टांगलेले असतात, आणि त्यांच्या पत्र्यावर चंद्र, तारा किंवा ‘रमजान करीम’ एवढेच कापलेले असते.